क्रोशाची सुई आणि माझी बोटं

"हा गियाँ-बारे सिंड्रोम आहे," डॉक्टर म्हणाल्या. "शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. बहुतेक लोक बरे होतात. किती दिवसांत, ते मात्र आज सांगता येणार नाही."

चार दिवसांपूर्वी हिंजवडीत कंपनीच्या बसमधून उतरताना मी कोलमडलो होतो. आता पाण्याचा पेलाही धरता येत नव्हता. मी प्रोग्रामर. पायांपेक्षा बोटांचीच धास्ती जास्त होती.

नर्व्ह कंडक्शन टेस्ट झाली. विजेचे बारीक झटके देऊन नसांमधून संदेश किती वेगानं जातो, ते त्यात पाहतात. मग पाच दिवस आयव्हीआयजी, म्हणजे रक्तदात्यांकडून मिळालेल्या प्रतिपिंडांची सलाईन. श्वासाचे स्नायू टिकून आहेत ना, हे बघायला नर्स एका दमात आकडे म्हणायला लावायच्या. एकदा अठरावरच दम संपला. आईचा चेहरा पांढरा पडला.

श्वास टिकला. तिसऱ्या आठवड्यात बोटं थोडी हलू लागली, पण शर्टाचं बटण काही लागेना.

शेजारच्या खाटेवर हडपसरचे एक चाचा होते. त्यांच्या पत्नी, जुबेदाचाची, दिवसभर क्रोशानं टोप्या विणायच्या. थेरपिस्टनं मला बोटांचं बारीक काम करायला सांगितलेलं त्यांनी ऐकलं आणि जाड सुई, लोकर पुढे केली.

"मी? क्रोशे?"

"का, बोटं नाहीत का तुम्हाला?"

लोकरीचा फास करायचा, सुईनं त्यातून पुढचा धागा ओढायचा, की साखळीची एक कडी होते. सुई सारखी गळून पडायची. आई उचलून द्यायची. सहा दिवसांत वीतभर साखळी झाली.

चाचींनी ती हातात घेतली, टोक ओढलं आणि सगळी उसवली.

"अहो, हे काय केलंत? सहा दिवस लागले मला!"

"ढिली होती. पुन्हा घाला."

मी रागानंच सुरुवात केली. संध्याकाळचा चहा आला तेव्हा वीतभर साखळी तयार होती. एका दुपारात! आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. चाची मान वर न करता म्हणाल्या, "उद्या खांब शिकवते, म्हणजे साखळीवरचा उभा टाका."

पुढे कित्येक महिने फिजिओथेरपी चालली. कामावर परतलो, पण डावा अंगठा अजून दमतो.

तुम्ही अशा खाटेवर असाल, तर एवढंच सांगतो. मी रोज सकाळी बोटं तपासून घाबरायचो, कारण कालच्यापेक्षा काही वेगळं दिसायचंच नाही. बरं होणं तेव्हाही चालूच होतं. ते मला दिसावं म्हणून चाचींना माझी साखळी उसवावी लागली.