आमचा मुराळी

दादा गेल्याची तार कोपरगावला आली तेव्हा मी रेशनची ज्वारी निवडत होते. यजमानांनी तार वाचली आणि मी सूप बाजूला ठेवलं, एवढंच आठवतं. काविळीचं निमित्त झालं. आता रडायचाही कंटाळा आलाय... लोक विचारतात, कसा होता तुमचा दादा? काय सांगू? आम्हा दोघी बहिणींना सासरहून माहेरी न्यायला यायचा. आमचा मुराळी होता तो.

माझं लग्न दुष्काळाच्या साली ठरलं. प्यायच्या पाण्याची पंचाईत, तिथे पत्रिका कुठल्या छापायच्या! आप्पा, म्हणजे आमचे वडील, भिंगारला लष्करी कचेरीत कारकून. त्यांनी ठरवलं, सगळ्यांना पोस्टकार्डं टाकायची. मिरजगावला दिलेल्या अक्कालाही. अक्काच्या लग्नात मानाचा फेटा हलका निघाला म्हणून तिचे सासरे तात्या भर मांडवात आप्पांना टाकून बोलले होते. त्या घरची पायरी चढायची नाही, असं आप्पांनी तेव्हाच ठरवलेलं. आई म्हणाली, "अहो, लेकीला कुणी कार्डावर बोलावतं का? मुराळी गेल्याशिवाय ती माणसं पाठवायची नाहीत."

"कागदावर पलटणी हलतात, मुलगी हलणार नाही?" आप्पा म्हणाले.

नाहीच हलली. लग्न तोंडावर आलं तरी मिरजगावहून उत्तर नाही. अक्का आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, म्हणून मी रुसून बसले. आप्पांची नजर चुकवून दादाने एसटी गाठली. पुढचं तो नकला करून सांगायचा. तात्या ओट्यावर बसलेले. म्हणाले, "कागूद पोचला. पर सुनंला न्यायला मानूस लागतंय."

"मानूस आलंय की, तात्या," असं म्हणून हा त्यांच्याच शेजारी मांडी घालून बसला. तात्यांना हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी अक्का दारात! आप्पा आत निघून गेले.

तेव्हापासून दर सणाला दादाच्या खेपा. उन्हातान्हात, एसटीत उभ्याने. घामाघूम होऊन यायचा, पण चेष्टा सुटायची नाही. "तुमच्यापेक्षा म्हशी आणणं सोपं. त्या निदान पिशव्या भरत बसत नाहीत."

यंदाची पंचमी दुखवट्याची. दादा गेल्यानंतरचा पहिलाच सण. मी यजमानांबरोबर भिंगारला आले. अक्काला कोण आणणार? आईने पोस्टकार्ड पुढ्यात घेतलं, मायना लिहिला आणि तशीच बसून राहिली. आप्पा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले.

सकाळी आप्पा घरात नव्हते. संध्याकाळी आले ते अक्काची पिशवी खांद्याला लावून, मागे अक्का. तिनेच मला रात्री सांगितलं. आप्पांना अंगणात बघून तात्या ओट्यावरून उठून उभे राहिले. आप्पा पायरीशी थांबले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "मुराळी आलोय. पोरगा नाही ना आता..."

तात्यांनी स्वतः तांब्या आणून त्यांच्या पायांवर पाणी घातलं.