माणसांची कार्डं

मुलुंडच्या आमच्या वाचनालयाची यादी संगणकावर गेली आणि जुनी लाकडी कार्डपेटी रिकामी झाली. ती भंगारात द्यायला माझं मन होईना. तालुक्याच्या गावी अशाच पेटीत बोटं घालून मी पुस्तकं शोधायला शिकले होते आणि घरातली पहिली पदवीधर झाले होते.

ग्रंथपालाच्या अभ्यासात ज्ञान व्यवस्थापन हा विषय होता. त्यातली एक गोष्ट मला मनापासून पटली होती: वाचकांना जे ठाऊक असतं, तेही वाचनालयानं जपावं. म्हणून मी सभासदांना कोरी कार्डं दिली. स्वतः करून शिकलेलं काहीतरी लिहा, आणि कुणाला हवं असेल तर सांगाल का, तेही.

"म्हणजे लोक आता पुस्तकांसारखं आम्हाला घरी नेणार? उशीर झाला तर दंड कुणाला?" कार्यवाहांनी विचारलं. सगळे हसले, मीही हसले. गच्चीवरची भाजी, सोसायटीचा पुनर्विकास अशी कार्डं विषयवार लागत गेली. मागायला मात्र कुणी येईना.

एका दुपारी एक सभासद काकू आल्या. त्यांचे यजमान विक्रोळीच्या कारखान्यात फोरमन होते. कर्करोगामुळे त्यांचं स्वरयंत्र काढलं होतं. बोलता यावं म्हणून डॉक्टरांनी गळ्यात झडप बसवली होती; गळ्यावरचं छिद्र अंगठ्यानं दाबलं की घोगरा आवाज निघे. पण तो आवाज ऐकून ते जे गप्प झाले ते झालेच. आता पाटीवर लिहिणंही त्यांनी सोडलं होतं. मी त्या आजारावरचं एक पुस्तक काढून दिलं. ते चाळून काकू म्हणाल्या, "हे वाचून ते बोलतील, असं वाटतं का गं तुला?"

मी पेटी उघडली. 'आवाज' या विषयाखाली एकच कार्ड होतं. रोज वर्तमानपत्रं वाचायला येणाऱ्या, गळ्याला रुमाल बांधणाऱ्या आजोबांचं. 'ऑपरेशननंतर पुन्हा बोलायला शिकलो. शिकवेन.'

आजोबा तिथेच बसले होते. मी विचारताच त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि काकूंबरोबर निघाले. मग ते दर रविवारी त्यांच्याकडे जाऊ लागले. काकू पुस्तक बदलायला येत. अजून काही नाही, म्हणत.

दिवाळीच्या आधी काकू यजमानांना घेऊन आल्या. मागे आजोबा होते. यजमान टेबलाशी उभे राहिले. गळ्यावर अंगठा दाबून घोगऱ्या, पण साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"एक कोरं कार्ड द्या."

काकू रडत हसत होत्या. कार्यवाहांनी उठून खिशातलं पेन यजमानांपुढे धरलं.

ते कार्ड मी 'आवाज'मध्येच लावलं, आजोबांच्या कार्डामागे.