बी-श्याचं चालू ठेवलेलं मशीन

बी-श्या पहिल्यांदा ल्यांगच्या दुकानात आली तेव्हा तिच्यामागे भरतकामाचं मशीन उचललेले चार हमाल होते आणि तिचा आवाज त्या चौघांच्याही पुढे होता. तैवानच्या ताइचुंग शहरातली निम्मी लेथ मशिनं त्या आवाजाने थांबली, असं ल्यांग शपथेवर सांगे.

"मिस्त्री, हे मेलं कॉम्प्युटरशी बोलत नाही!"

"बाई, तुम्ही बोलू दिलंत तर बोलेल ना!"

पुढच्या वर्षी लग्न झालं.

जुन्या मशिनांना नव्या कॉम्प्युटरशी बोलतं करणं हा ल्यांगचा धंदा. जुन्यांचं तोंड नऊ पिनांचं, नव्यांचं यूएसबीचं. मधे बोटाएवढा अ‍ॅडॉप्टर. प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावायचा, "प्रोग्रॅमने पोर्ट उघडला की अ‍ॅडॉप्टर चौथ्या पिनेला डिवचतो. म्हातारं मशीन दचकतं, नव्याने सुरू होतं आणि सगळं विसरतं. केबलमधली त्या पिनेची तार आधी कापा!" त्याच्या स्वतःच्या, चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या केबलमधली ती तार केव्हाच कापलेली होती.

बी-श्या वारली तेव्हा त्यांची मुलगी यी-ज्वान पाच महिन्यांची गरोदर होती. बाळ महिन्याचं झालं की त्याला पाठीशी बांधायचं कापड आजोळहून येतं. बी-श्याने त्यावरचा नमुना मशीनवरच काढायला घेतला होता. तो अर्धाच राहिला. फ्लॉपीचा खण मोडका, त्यामुळे तो होता फक्त मशीनच्या ध्यानात; मशीन बंद केलं की पुसला जाणार. यी-ज्वान उरलेला कॉम्प्युटरवर पुरा करणार होती.

ल्यांगने मशीन बंदच केलं नाही. वीज जाईल म्हणून बॅटरी जोडली. भूकंप झाला तेव्हा शेजारी टेबलांखाली शिरले आणि हा मशीनला मिठी मारून उभा. नमुना मात्र कॉम्प्युटरवर उतरवून घेईना. उतरवला की मशीन चालू ठेवायला निमित्त उरणार नव्हतं.

बाळ पंचवीस दिवसांचं झालं.

"बाबा, आता तरी नमुना उतरवून घ्या."

ल्यांगने आपली केबल उचलली, पाहिली, खाली ठेवली. "तुझ्या आईच्या कामाला हे चिकटपट्ट्यांचं बोचकं? छे!"

त्याने नवा कोरा अ‍ॅडॉप्टर आणि नवी केबल आणली. दोन्ही सीलबंद. पिशव्या फाडल्या, जोडणी केली, पोर्ट उघडला.

मशीन दचकलं. सुई एकदा वर जाऊन जागेवर आली.

"आला का, बाबा?"

ल्यांग केबल हातात धरून बसला होता.

"बाबा?"

"नव्या केबलची तार मी कापलीच नाही गं."

बाळासाठी कापड बाजारातून आणलं. त्यावर ससे होते.