दारात उभं राहायचं नाही

मी कंडक्टर. उभा जन्म बसमध्ये उभ्यानं काढलाय, त्यामुळे लग्नात खुर्चीवर नुसतं बसून राहायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. पण चिमीनं दम भरला होता, "या वेळी तू पाहुणी. कशाला हात लावलास तर बघ!" चिमी माझी जिवाभावाची मैत्रीण, डेपोत पासच्या खिडकीवर बसते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता पन्नाशीत डेपोतल्याच मेकॅनिकशी लग्न करत होती. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मिस्त्रीचं गणगोत एवढं मोठं की समारंभ तीन दिवस चालला. गाणी, जेवणं, भाषणं, पुन्हा जेवणं. बसून बसून माझी कंबर धरली.

चिमीचा एकुलता एक पोरगा आला होता खरा, पण हॉलच्या दारात उभा. पहिल्या दिवशी दारात, दुसऱ्या दिवशीही दारात. एक पाय आत, एक बाहेर. जेवलासुद्धा तिथेच. कुणी बोलवायला गेलं की मोबाइल कानाला! मिस्त्री दोनदा गेला आणि दोनदा तोंड पाडून परत आला.

शेवटच्या दिवशी लग्नाच्या सह्या व्हायच्या होत्या. चिमीनं मला बाजूला ओढलं. डोळे भरलेले.

"तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला तरच मी सही करीन. मिस्त्रींना सांगितलंय तसं."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, थांबू."

मला असा संताप आला त्या पोराचा! चुलीत गेलं ते पाहुणपण. तडक दाराशी गेले.

"ओ शेठ, दारात उभं राहायचं नाही. आत व्हा, नाहीतर उतरा!"

पोरगा दचकला. शाळेत जायचा तेव्हापासून बसच्या पायरीवर याला मी हेच ऐकवत आलेय. त्याला हसू फुटलं आणि लगेच चेहरा पडला.

"मावशी, आत जागा कुठे आहे गं? बघ ना. सगळी त्यांचीच माणसं. आईला चिकटून ते उभे. मी कुठे उभा राहू?"

इतके दिवस आम्ही सगळे याला शिष्ट समजत होतो.

"गाडी भरली म्हणून तुला कधी स्टॉपवर सोडलंय का रे मी?"

त्यानं नकारार्थी मान हलवली.

मी हॉलकडे वळले आणि घसा मोकळा सोडला. "चला, पुढे सरकाऽ! आत जागा आहे, पुढे सरका!"

अर्धा हॉल डेपोचा. सगळे गुमान सरकले. त्यांचं बघून मिस्त्रीच्या आत्यासुद्धा ताटं सावरत सरकल्या. पण सगळ्यांच्या आधी सरकला तो मिस्त्री. स्वतःच्या लग्नात नवरदेव चिमीचा हात सोडून दोन पावलं बाजूला झाला. दोघांच्या मधे एका माणसाची जागा झाली.

पोरगा बघतच राहिला.

"जा की आता," मी म्हटलं. "वाट नको अडवूस."

गेला. चिमीनं डाव्या हातानं त्याचं मनगट गच्च धरलं, उजव्या हातात पेन घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. घंटी कुठली आणणार तिथे? मी दोनदा टाळी वाजवली.

"जाऊ द्या!"