तुलनेचं घर

ताईबाईंना काहीही विचारा, त्यांच्या अहिराणीत उत्तर ठरलेलं: "बरं शे," म्हणजे बरं आहे. जिनिंगमध्ये विंचू चावला त्या दिवशीही त्या संध्याकाळपर्यंत कापूस उपसत होत्या आणि मुकादमाला बरं शे म्हणत होत्या. पाचोऱ्याच्या आमच्या गल्लीत त्यांना बावीस वर्षं झाली, मी त्यांच्या समोर राहतो. हा त्यांचा गुण मला फार थोर वाटायचा. यंदा मार्चमध्ये त्याची शास्त्राशी गाठ पडली आणि तेव्हापासून मला त्याचा राग येऊ लागला.

झालं असं की धुळ्याच्या एका कॉलेजातून योगेंद्र सर आले. सोबत डिंपल नावाची विद्यार्थिनी, आणि जीपच्या टपावर एक गुंडाळी. पत्र्यावर अंथरायची चादर होती ती. ऊन परतवते, घराची उष्णता थेट आभाळाकडे पाठवते, वीज लागत नाही. वर हिवाळा आला की आपला स्वभाव बदलते आणि ऊब धरून ठेवते. आमच्याकडे मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर आणि जानेवारीत दातखीळ बसेल अशी थंडी, तेव्हा दोन्ही ऋतूंत शहाणपणाने वागणारी वस्तू गल्लीने प्रथमच पाहिली.

सरांना अगदी एकसारखी दोन घरं हवी होती. एकावर चादर घालायची, दुसरं तसंच ठेवायचं आणि फरक मोजायचा. ताईबाई आणि लिलाबाई यांची घरकुलं एकाच भिंतीला जोडलेली, मापं तीच, पत्रेही तेच. माझं घर स्लॅबचं, त्यामुळे शास्त्राला माझा काही उपयोग नव्हता.

चादर एकच होती म्हणून सरांनी चिठ्ठ्या टाकायचं ठरवलं. ताईबाईंनी चिठ्ठ्या होऊच दिल्या नाहीत. "लिलाबाईना घरवर टाका. यादवभाऊ पडेल शे," म्हणाल्या. लिलाबाईंचे यजमान यादवभाऊ अर्धांगवायूने दोन वर्षं खाटेवर होते. गेल्या मे महिन्यात पत्र्याखाली तापून दोनदा त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं, दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी लिलाबाईंना बाजूला घेऊन मन घट्ट करायला सांगितलं होतं.

सरांनी ताईबाईंचा सत्कार करावा तशा आवाजात सांगितलं, "तुमचं घरही तितकंच महत्त्वाचं आहे. ते तुलनेचं घर. तुम्ही फक्त काहीही करायचं नाही." माणसाला काय जमणार नाही हे इतकं अचूक हेरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सतत नोंद ठेवणारं यंत्र मंजुरीत अडकलेलं. म्हणून दर मंगळवारी दुपारी दोनला डिंपल यायची, पिस्तुलासारखं तापमापक आतून पत्र्यावर रोखायची आणि मग दोन्ही घरांत एक प्रश्न विचारायची: उकाड्याचा त्रास किती, एक ते पाच? एक म्हणजे काहीच नाही, पाच म्हणजे असह्य.

आता दोनला पाहुणे येणार म्हणजे ताईबाई बाराला कामाला लागणार. पत्र्यावर ओली गोणपाटं, त्यांवर बादलीवर बादली पाणी, खाली जमिनीवर सडा. जीप कोपऱ्यावर वळली की गोणपाटं खाली ओढून मोरीत लपवायची, कारण पाहुण्यांसमोर ते बरं दिसत नाही. मग माठाचं पाणी पुढे करून प्रश्नाचं उत्तर: "एक ल्हिजो माय." घरी आलेल्या पोरीसमोर आपल्याच घराला नावं ठेवायची कशी?

पाच मंगळवार झाले. दोन घरांत फरक जेमतेम दीड अंशाचा. सरांनी चादर धुतली, तपासली, कोणाकोणाला फोन केले. बिचाऱ्यांचा चेहरा पाहवत नव्हता. शेवटी ते लिलाबाईंना म्हणाले की पुढच्या मंगळवारीही असंच दिसलं तर चादर काढून दुसरीकडे न्यावी लागेल. ते होते मे महिन्याचे पहिले दिवस. यादवभाऊंना महिनाभर दुपारची शांत झोप लागत होती.

लिलाबाई रडत माझ्याकडे आल्या. गोणपाटांचा खेळ मी खिडकीतून दर मंगळवारी पाहत होतो, पण डोक्यात प्रकाश तेव्हा पडला. आम्ही दोघं ताईबाईंकडे गेलो.

"ताईबाई, मंगयवारे पत्रावर पानी नको टाकजो," लिलाबाई हात जोडून म्हणाल्या. "चादर गयी ते मना मानूस जाई."

ताईबाई खरंच गोंधळल्या. "पाव्हना घरमा येस, त्याले तापमा बसाडानं का?"

"हो," मी ओरडलोच. "बसवा! आणि विचारतील तेव्हा खरं सांगा!"

त्या मंगळवारी पत्रा कोरडा होता. सर स्वतः आले होते. डिंपलच्या कपाळावरचा घाम वहीवर टपकत होता. ताईबाई भिंतीला टेकून खाली मान घालून उभ्या, चोरी पकडल्यासारख्या. तापमापकाने नऊ अंशांचा फरक दाखवला. मग डिंपलने प्रश्न विचारला.

पलीकडून यादवभाऊंचं घोरणं ऐकू येत होतं.

"उकडस," ताईबाई म्हणाल्या. एवढं एकदा बाहेर पडलं आणि मग त्यांना थांबता येईना. "भलतं उकडस. दुपारले जीव कासावीस व्हस. डोकं फिरस. रातले झोप येत नई. बावीस वरीस व्हयनात, कोनले सांगं नई." डोळ्यांना पदर लावून त्या रडायला लागल्या.

"उत्तम!" योगेंद्र सर म्हणाले. "अगदी उत्तम! डिंपल, पाच लिही."

चादर राहिली. प्रयोगाला तीन वर्षांची मंजुरी आली, लिलाबाईंनी गल्लीत पेढे वाटले. ताईबाईंनी एका कागदावर अंगठा उमटवला: तीन वर्षं या छपरावर पाणी टाकायचं नाही, गोणपाट घालायचं नाही, सावली करायची नाही. त्यांना भीती एकच, आपल्या हातून काही चुकलं तर यादवभाऊंच्या डोक्यावरची चादर जाईल. म्हणून छपराखाली त्या प्रामाणिकपणे भाजून निघतात.

मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. समोर स्लॅबखाली कूलर लावून बसलो होतो, पण एक ते पाच असं मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. आता ताईबाई मंगळवारची वाट पाहतात. उकाड्याचं सांगून झालं की गुडघ्यांचं सांगतात, मग एकटं जेवायला बसल्यावर घास उतरत नाही, त्याचं. फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही. डिंपल सगळं ऐकून घेते आणि पाच लिहिते.