अक्काचा हिरवा फोटो

आमच्या अक्काला मी एकदा हिरवं केलं होतं.

मी नुकताच एक जुना कॅमेरा घेतला होता आणि छायाचित्रणाच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणं वाचली होती. (एवढ्या विद्येवर माणूस इतरांना शिकवू लागतो.) तेवढ्यात अक्काला शिंदखेड्याचं स्थळ आलं आणि त्यांनी फोटो मागवला. आमचे वडील, नाना, म्हणाले, "जळगावले स्टुडिओत घेऊन जा तिले."

"स्टुडिओत? चेहरा पिठात बुडवल्यासारखा येतो, नाना! मऊ उजेड पाहिजे, मऊ!"

एप्रिलात आमच्याकडे मऊ उजेड फक्त केळीच्या बागेत असतो. मोठाल्या पानांतून गाळून आलेला! तिथं अक्काला तासभर उभं केलं.

"हनुवटी वर! श्वास रोख!"

"मुंग्या चावतात रे मेल्या, उरक!"

रंगीत रोल जळगावला धुतला. फोटो किंचित हिरवट वाटला. मी त्याला कला समजलो आणि तिथूनच शिंदखेड्याला धाडून दिला. दुसरी प्रत पाहून नानांनी दोनदा चष्मा पुसला.

"काहून रे, हे पोरगी हिरवी काहून दिसते?"

पानांतून आलेला उजेड पानांचाच रंग घेऊन येतो, हे चौथ्या प्रकरणात होतं!

स्थळाबरोबर आलेला मुलाचा फोटो अक्कानं उशीखाली ठेवलाय, असं आई म्हणाली. मला जेवण जाईना.

चौथ्या दिवशी मुलाचे आईवडील एसटीनं थेट दारात! मुलाच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, पिशवीत काढ्याची पुडी.

"पोर आजारी शे का, हाईच इचारालें उनूत आम्ही."

काकूंनी अक्काला दारापाशी बसवलं आणि तिची हनुवटी हळूच बाहेरच्या उजेडाकडे वळवली. गालावर असा सुरेख प्रकाश पडला की मी बघतच राहिलो.

"अय माय! पोर ते चांगली शे! मंग हाऊ फोटो कोनी काढा?"

सगळे माझ्याकडे वळले. पुडी वाया जायला नको म्हणून काढा मला पाजण्यात आला. अक्का आठवड्यात पहिल्यांदाच हसली, आणि स्थळ जमलं.

काकूंचे उपकार मी अजून मानतो. बहीण चांगल्या घरी पडली, आणि प्रकाश कसा पाहावा, तेही त्यांनीच दाखवलं. लग्नात फोटो काढायला धुळ्याचा माणूस होता. मला फक्त त्याचा दिवा धरायचा होता. तरी तो दर पाच मिनिटांनी ओरडायचा, "भाऊ, उजेड नवरीवर टाका, स्वतःवर नको!"