मी लोटलेलं दार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि ज्याच्यासाठी केलं त्या भावालाही नाही. मग तुम्हाला का? — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये माझे वडील कूलिंगची मशिनं सांभाळायचे. आम्ही मागच्याच खोल्यांत राहायचो. मी सातवीत, धाकटा भाऊ पिंट्या दुसरीत. मालकांचा हर्षल माझ्या वयाचा. त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे एका सुपरहीरोच्या पिक्चरची हिंदीतली सीडी आली आणि पोरांना दुसरा खेळच उरला नाही. त्यात व्हिलन एका लहान पोराला उलटं टांगतो, मारतो, आणि मग हीरो उडत येतो. हीरो अर्थातच हर्षल. आणि टांगायचं पोर — रोज पिंट्या.

हर्षलचं म्हणणं, पोरानं आधी खरा मार खाल्ला पाहिजे, नाहीतर वाचवण्यात मजा काय? एका दुपारी त्यानं नि त्याच्या मित्रांनी पिंट्याचे पाय पॅकिंगच्या पट्टीनं बांधले, त्याला टेम्पोच्या दांडीला उलटं लटकवलं, त्याच पट्टीनं पाठ सोलून काढली, आणि हीरो जेवायला निघून गेला. मला दिसला तेव्हा पिंट्या रडतही नव्हता. चड्डी ओली, तोंड लालभडक.

आई म्हणाली, "मालकाचं पोर हाय. खेळात लागतंच. पप्पांना बोलू नको."

बोलले नाही. रडलेही नाही. मी विचार करत होते.

माल प्रीकूलिंगला लावला, म्हणजे गार व्हायला बंद खोलीत ठेवला, की दार उघडायचं नाही असा तिथला शिरस्ता. पंख्यांच्या आवाजात आतलं काही धड ऐकू येत नाही. ते जाड दार लोटलं की खटकन बसतं, आणि आतून उघडायचा दांडा मोडलाय, मालक मनावर घेत नाहीत, असं वडील जेवताना बोलले होते. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही — कळतंय ना?

मी हर्षलला म्हटलं, दुसऱ्या भागात हीरोच बर्फात अडकतो. तो खूश. हाफ पँटवर, गळ्यात टॉवेल बांधून आत शिरला. मी दार लोटलं.

थोड्या वेळानं बुक्क्या सुरू झाल्या. कान लावला तर हाका. मग माझं नाव. मी दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हटलं, "थांब की. हीरो येईल." आणि घरी जाऊन पिंट्यासोबत वरणभात जेवले.

संध्याकाळी पॅकिंगच्या बायांनी नवा माल ठेवायला दार उघडलं, तेव्हा तो क्रेटांमध्ये निपचित पडलेला. नाशिकला दवाखान्यात नेला. वाचला. शुद्धीवर येताच त्यानं माझं नाव घेतलं. मी म्हणाले, "मी तर घरी जेवत होते. पिक्चरमधलं करायला गेला असंल." सगळ्यांना पटलं. का नाही पटणार? टॉवेल गळ्यातच होता. सीडी मोडून टाकली, शाळेत बाईंनी पिक्चरमधल्या मारामारीवर आम्हाला तासभर ऐकवलं, आणि खोटं बोलतो म्हणून मालकांनी खाटेवरच हर्षलच्या मुस्काटात मारली. तेव्हा तरी मला वाईट वाटलं असेल, असं वाटतंय तुम्हाला? अजून एक मारा, असं मनात म्हणत होते मी.

माझ्या लग्नात तो आला होता. एसी हॉलमध्ये पाऊल टाकेना, दारातच उभा. मी भेटायला गेले तर हळूच म्हणाला, "खरं सांग, दार तूच लोटलं होतं ना?"

सगळ्यांना ऐकू जाईल असं मी म्हटलं, "अजून त्या पिक्चरमधून बाहेर नाय आला का तू?" लोक हसले. पिंट्या तर पोट धरून. हर्षलनंही हसून बघितलं, जमलं नाही त्याला.

दार मीच लोटलं होतं. आणि आजही त्या बुक्क्या आठवल्या की मला आधी बरं वाटतं. बाकीचं सगळं नंतर.